दोर बांधण्याआधी

“लेकरू न्हाई म्हणून काय झालं? ती पोरगी पोटच्यापेक्षा जास्त हाय त्यांना.”

माझ्या मागच्या रांगेतली बाई शेजारणीला सांगत होती. आवाज हळू करायची तिला गरज वाटली नव्हती.

“अन् ही म्होरच्या खुर्चीवरची कोण?”

“ही व्हय? जालन्याची भाची. पाव्हणी.”

मी मागे वळून पाहिलं नाही. मांडीवर मानपत्राची फाईल होती, तिची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. समोर स्टेजवर लाल मखमलीच्या सोफ्यावर मामा-मामी बसले होते. मामानं नवा पांढरा सदरा घातला होता, त्याच्या दुकानातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मामी सोफ्याच्या अगदी कडेवर टेकली होती, कुणी ‘ऊठ’ म्हणालं तर लगेच उठता यावं म्हणून. मागच्या बॅनरवर दोघांचे फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘जीवनगौरव’.

ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कार्यक्रम घनसावंगीतल्या एका मंगल कार्यालयात होता. बुडी मारण्यात ज्यांचं सगळं आयुष्य गेलं अशा माणसांना शोधून त्यांचा सत्कार करणारी बाहेरगावची एक संस्था आहे. त्यांना म्हणे यंदा पहिल्यांदाच समुद्र न पाहिलेलं जोडपं सापडलं होतं. माझे मामा-मामी घनसावंगीपासून थोड्या अंतरावर, गोदावरीच्या बाजूच्या एका गावात राहतात. थोडा कापूस, थोडी मोसंबी. लग्न झाल्यापासून दोघं पंचक्रोशीतल्या विहिरींत उतरत आलेत. कुणाची पाणी उपसायची मोटार पडली, कुणाचं वासरू पडलं, कुणाच्या घरातलं माणूस पडलं, की या दोघांना बोलावणं येतं. त्याबद्दल ते चहाखेरीज काही घेत नाहीत, आणि विहिरीतून प्रेत काढलं असेल त्या दिवशी चहासुद्धा नाही. उन्हाळ्यात गावातल्या पोरापोरींना पोहायला शिकवायचं, हेही त्यांचंच काम.

संस्थेच्या अध्यक्षांनी पडद्यावर चित्रं दाखवली. निळंशार पाणी, रंगीत मासे, पाठीवर नळकांडी बांधलेली माणसं. लोक डोळे मोठे करून बघत होते. “आपल्या हिरीत तर गाळाबिगर काय दिसत न्हाई,” असं कुणीतरी म्हणालं आणि अर्धं कार्यालय हसलं. मग काचेची ट्रॉफी दिली. तिच्यावर एक पाणबुड्या होता, पायांत लांब रबरी पंजे घातलेला. मामीनं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि माईक समोर आहे हे विसरून मामाला विचारलं, “ह्याचे पाय बदकाचे कामून केले?”

मग मानपत्र. संस्थेचा मजकूर इंग्रजीत आला होता आणि तो मराठीत करून द्यायचं काम मामानं मला सांगितलं होतं. जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या ऑफिसात बसून मी तो तीनतीनदा लिहिला. शेवटी ‘पाण्यात उतरून केलेली आयुष्यभराची सेवा’ असं ठेवलं आणि फोनवर मामाला वाचून दाखवलं. मामा म्हणाला, “उतरून अन् वर येऊन, असं लिही बेटा. नुसतं उतरायला काय लागतं?” मी तसं लिहिलं. या कामामुळे मला वाटत होतं की आज या कार्यक्रमात माझी एक जागा आहे. फाईल मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले ती त्याच समजुतीनं.

पण मानपत्र अध्यक्षांनी स्वतःच वाचलं. आणि वाचून झाल्यावर सूत्रसंचालक म्हणाला, “आता कुटुंबीयांनी फोटोसाठी वर यावं.”

मामीनं माझ्याकडे बघितलंच नाही. स्टेजच्या पायरीशी उभ्या असलेल्या त्या मुलीचा हात तिनं वरूनच धरला आणि म्हणाली, “चल ए म्हशे, वर ये. केस बघ कशे झाले, झिपरे!” आणि सगळ्या लोकांसमोर आपल्या पदरानं तिचं कपाळ पुसलं. मामानं मला हातानं खूण केली, हे सांगायला हवं. त्यानं केली. पण तोवर मी फोन काढून त्यात काहीतरी फार महत्त्वाचं आल्यासारखं बघत बसले होते. मामानं पुन्हा खूण केली नाही. फोटो निघाला. तिघांचा.

त्या मुलीबद्दल सांगायचं तर आधी खुर्चीबद्दल सांगायला हवं.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो. वडिलांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि दर उन्हाळ्यात आई मला मामाच्या गावी सोडून यायची. तिथं माझ्यासाठी एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. इतर वेळी ती माळ्यावर असायची. मी आले की खाली यायची, धुतली जायची आणि विहिरीजवळच्या लिंबाखाली मांडली जायची. “ऊन लागंल बेटा, सावलीत बस,” मामी म्हणायची. मला प्यायला बाटलीतलं पाणी. माझ्या भाकरीवर जास्तीचं लोणी. मी ग्लास फोडला तरी मामी म्हणे, “असू दे असू दे, लागलं का तुला?”

त्या घरात मला कुणी कधी रागावलं नाही. बरीच वर्षं मी हे कौतुक समजत होते.

मी पाण्यात का उतरत नव्हते, त्याचं कारण होतं. एका भाऊबीजेला आईनं मामाला पाटावर बसवून ओवाळलं. मामानं ताटात टाकायला खिशात हात घातला, तर आई म्हणाली, “पैसे नको, साडी नको. माझी पोर पाण्यात उतरणार न्हाई, एवढा शब्द टाक ताटात.” आई त्याच घरात वाढलेली. विहिरीतून काय काय वर येतं ते तिनं लहानपणीच पाहिलं होतं. मामाचा हात थोडा वेळ ताटावर तसाच राहिला, निरांजनाच्या उजेडात. मग तो म्हणाला, “टाकला.” मी तिथंच बसून करंजी खात होते. मला कुणी विचारलं नाही. मला विचारायचं असतं हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली. गल्लीच्या टोकाच्या घरातली मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे वडील लोकांच्या मेंढ्या राखायचे, आई मजुरीला जायची. ती शेळ्यांना पाणी पाजायला विहिरीवर यायची आणि काठावर पोटावर झोपून आत बघत राहायची. एक दिवस मामीनं तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि काही न बोलता तिला आत ढकललं. ती किंचाळली, गटांगळी खाल्ली, डब्यानं वर आली, आणि दुसऱ्या क्षणी हसायला लागली. ते हसू विहिरीच्या भिंतींवर आपटत वर आलं. मी खुर्चीत होते. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

दुपारपर्यंत ती बाहेर यायला तयार नव्हती. मामी काठावरून ओरडली, “ए म्हशे! निघ आता पाण्यातून, का तिथंच बाळंत व्हती?”

तेव्हापासून ती म्हैस. मी बेटा.

डबा सुटला, मग ती काठावरून सूर मारू लागली. मग मोटेच्या जुन्या दगडावरून. मग तळाची माती मुठीत घेऊन वर येऊ लागली आणि ती मूठ मामीसमोर उघडून दाखवू लागली. मामी म्हणे, “माती आणली व्हय? सोनं आण की.” कॉलेजात जायच्या वयापर्यंत ती मामीबरोबर मोटारी काढायला जात होती. ती मामाला आबा म्हणते आणि मामीला मोठी माय. चूल पेटवताना मामी तिला शिव्या घालते, ती मामीला उलट बोलते, आणि मग दोघी एकाच ताटात जेवतात. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले की दोघी गप्प होतात. कोणी तरी पाट पुढे सरकवतं.

खुर्चीवर बसून दुसरं काही करता येत नसेल तर माणूस बघतो. मी सगळं बघितलं. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि दुसरं टोक वर असलेल्याच्या कमरेला. झाडाला नाही, पाइपला नाही, दगडाला नाही. “झाडाला कळत न्हाई,” मामा म्हणायचा. एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे ढील दे. धडाधड हिसके आले की विचार न करता ओढायचं. उतरण्याआधी मामा स्टार्टरच्या पेटीतला फ्यूज काढून आपल्या खिशात टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून वीज सोडायला नको. आणि ज्याचं काम असेल त्याला दोर धरू द्यायचा नाही. ज्याची मोटार पडली त्याचा जीव मोटारीत असतो, ज्याचं माणूस पडलं त्याचा त्या माणसात. उतरलेल्याकडे त्याचं लक्ष राहत नाही.

पण सगळ्यांत शेवटचा नियम सगळ्यांत विचित्र होता. दोराची गाठ मारण्याआधी दोघांनी एकमेकांना मनातलं सांगायचं. काही राग असेल, काही टोचत असेल, तर तिथंच, काठावर, मोठ्यानं.

“बोला,” मामी गाठ हातात धरून म्हणायची.

“काय बोलू?” चड्डीवर उभा असलेला मामा म्हणायचा.

“काय हाय ते.”

“सकाळी मी भाकर करपली म्हणलो, तव्हा तू परात आपटली.”

“आपटली. अजून?”

“अजून न्हाई.”

“मंग माझं आइका. काल माझ्या भावाचा फोन आल्ता, तर तुम्ही निसतं हं हं करून ठेवून दिला. त्याचा मला राग हाय.”

“बराबर हाय. उद्या मी लावतो त्याला.”

“लावा. मंग जा.”

आणि मग गाठ बसायची, आणि मामा पाण्यात. ज्याची मोटार पडलेली असे तो शेतकरी बाजूला चुळबुळ करत उभा राही. मी एकदा मामाला विचारलं होतं की हे कशासाठी. तो म्हणाला, “रागातला माणूस दोराचं आइकत न्हाई बेटा, आपलंच आइकतो.”

एकदा मामी बोलेचना. मामानं दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शेतकरी म्हणाला, वहिनी, जल्दी करा. मामी म्हणाली, “हाय माझ्या मनात. पण चारचौघांत सांगण्यासारखं न्हाई.” मग मामा ओल्या दगडांवरून चालत तिच्याजवळ गेला आणि तिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मामाचे कान लाल झाले. तो इतका हसला की त्याला आधी खाली बसावं लागलं, मग उतरला. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. ते काय होतं हे मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला दोघांचाही हेवा वाटला. त्या मुलीचा वाटायचा तसाच, पोटात खालच्या बाजूला. आमच्या घरात आई-वडील असं बोलत नाहीत. आमच्याकडे राग दुकानातल्या ताग्यासारखा नीट गुंडाळून फळीवर ठेवतात. गरज पडेल तेव्हा काढून, हवा तेवढा फाडून देतात.

मामीनं बुडी मारायला कशी सुरुवात केली, हे त्या दिवशी अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, ते साधारण बरोबर होतं. लग्न झालं तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. शेजारच्या गावात एक सून विहिरीत पडली, आणि परक्या पुरुषानं तिला हात लावायचा की नाही यावर घरच्यांची चर्चा चालू राहिली. मामा काठावर दोर बांधून उभा. ती चर्चा संपेपर्यंत उशीर झाला. घरी आल्यावर मामी म्हणाली, मला शिकवा. ती पहाटे लुगड्याचा काष्टा मारून उतरायची. पुढे अशा कितीतरी घरांनी मामाला नाही, मामीला बोलावलं. अध्यक्षांनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही, कारण ती त्यांना माहीत नव्हती. मामीनं ज्या पोरींना पोहायला शिकवलं त्यांत तिची स्वतःची भाची नव्हती.

सत्कारानंतर आम्ही चौघं शेअर जीपनं गावाकडे निघालो. मामा पुढे, मी खिडकीशी, मध्ये ती मुलगी, तिच्या मांडीवर ट्रॉफी, पलीकडे मामी. ती वाकून मला म्हणाली, “ताई, मानपत्र तू लिव्हलं ना? लई भारी झालं.”

“अगं, मी फक्त भाषांतर केलं,” मी म्हणाले आणि खिडकीतून ऊस बघत राहिले.

घराच्या दारात एक शेतकरी मोटारसायकलला टेकून उभा होता. मामाला बघून त्यानं नमस्कार केला. “झाला का सत्कार? मंग चला आता. मोटार पडली आमची.”

“आरं, चहा तर पिऊ दे,” मामा म्हणाला.

“आमच्याकडं पिऊ. या हप्त्यात दिवसाची लाईट आजच्यापुरतीच हाय. मोसंबी वाळून राह्यली आबा.”

मामीनं खांद्यावरची सत्काराची शाल काढली, घडी करून पलंगावर ठेवली, आणि काष्टा मारायला आत गेली. एवढ्यात ट्रॉफी भिंतीतल्या दिवळीत ठेवून ती मुलगी ओढणी कमरेला आवळत बाहेर आली होती. मला कुणी चल म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही. मी त्यांच्यामागे चालू लागले.

विहीर चौकोनी, दगडानं बांधलेली, अर्ध्यापर्यंत पायऱ्या. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, संध्याकाळच्या उन्हात त्यावर बारीक वाफ दिसत होती. मामानं पेटीतला फ्यूज काढून नव्या सदऱ्याच्या खिशात टाकला. ती मुलगी दोर न बांधता वरच्या वर एक बुडी मारून बघून आली.

“पाइप आडवा पडलाय मोटारीवर,” ती नाकातलं पाणी झटकत म्हणाली. “एकीनं पाइप उचलायचा, एकीनं दोरी बांधायची. दोघी लागतील.”

कानाचा पडदा गेल्यापासून मामा उतरत नाही. म्हणजे मामीचा दोर मामा धरणार. मुलीचा दोर एरवी तिची आई धरते. पण तिची आई कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेली होती.

शेतकरी पुढे आला. “द्या, मी धरतो की.”

“तू न्हाई,” मामा म्हणाला. “तुझी मोटार हाय.”

“मंग झाडाला बांधा. येवढं काय त्याच्यात?”

मामानं आजूबाजूच्या शिवारात नजर टाकली, जवळपास कुणी नव्हतं. माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मला माहीत होतं त्याला काय आठवलं. निरांजनाचं ताट.

मामी पायरीवरून म्हणाली, “शब्द पाण्याचा दिल्ता तुम्ही, काठाचा न्हाई.” आणि मग माझ्याकडे वळून, त्याच दमात, “अन् तू गं? खांबावाणी उभी काय राह्यलीस? चप्पल काढ अन् ये हिकडं. निसरडं हाय, बघून पाय टाक, शहाणी!”

मी चपला काढल्या. मामी माझ्यावर खेकसली होती.

आधी मामा-मामीचं झालं.

“बोल,” मामा म्हणाला.

“स्टेजवर तुम्ही दोघांचं भाषण एकट्यानं केलं.”

“तूच म्हणली, मला बोलता येत न्हाई.”

“म्हणली. तरी एकडाव इचारायचं असतं.”

“बराबर हाय. चुकलं. अजून?”

“अजून न्हाई. तुमचं?”

“तू आज लई चांगली दिसत व्हती अन् सारखी घड्याळ बघत व्हती.”

“हा काय राग हाय का?” मामी म्हणाली, पण हसली, आणि गाठ बसली.

मग ती मुलगी ओल्या पायांनी माझ्यासमोर आली. दोराचं एक टोक तिच्या कमरेला होतं. दुसरं तिनं माझ्या कुर्त्यावरून कमरेभोवती घेतलं आणि गाठ न मारता हातात धरून ठेवलं. ती माझ्या इतक्या जवळ कधीच उभी राहिली नव्हती. तिच्या भुवयांवर पाणी होतं आणि विहिरीचा वास.

“बोल ताई.”

“काही नाही,” मी म्हणाले. शाळेत, ऑफिसात, घरी, जिथं कुणी विचारेल तिथं मी हेच म्हणते.

तिनं गाठ मारली नाही.

“बिलकुल काही न्हाई?” खालून मामीचा आवाज आला. ती गळ्यापर्यंत पाण्यात होती. “मंग सोड गं तो दोर. जो काहीच न्हाई म्हणतो त्याच्या हातात आमी जीव देत न्हाई.”

“आवो, लाईट जाईल,” शेतकरी म्हणाला.

“जाऊ दे,” मामी म्हणाली.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “बरं, माझं आधी आइक. तू मला कधी नावानं हाक मारली न्हाई. इतक्या वर्षांत एकदा बी न्हाई. अगं म्हणतीस, न्हाईतर निसती बघतीस. मला त्याचा राग हाय.”

मी आठवून बघितलं. तिचं म्हणणं खरं होतं. तिचं नाव मला ठाऊक होतं, घरात दिवसातून शंभरदा ऐकू यायचं, आणि ते मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. जणू काढलं तर ती त्या घरातली आहे हे मी मान्य केल्यासारखं होईल.

“बराबर आहे,” मी म्हणाले.

“अजून न्हाई माझं,” ती म्हणाली. “आता तुझं.”

विहिरीत मामी हात हलवत तरंगत होती. मामा दोर सैल धरून माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता, ऐकत होता. दोराचं मोकळं टोक त्या मुलीच्या बोटांत होतं आणि माझ्या कमरेला तिच्या ओल्या मनगटाचा गारवा लागत होता. आत्तासुद्धा ‘काही नाही’ म्हणून दोर सोडून देता आला असता. मग मला घरी नेऊन निळी खुर्ची दिली असती, चहा दिला असता, आणि कुणी काही बोललं नसतं.

“हाय,” मी म्हणाले. “मामी तुला म्हैस म्हणते ना, तेव्हा माझ्या पोटात दुखतं. लहान होते तेव्हापासून दुखतं. आज तिनं स्टेजवर तुझं कपाळ पुसलं, तेव्हा तर फार दुखलं. तू तिथं नसतीस तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. अजून न्हाई. बांध गाठ. आता जा.”